भाऊजींची बेटावरची सहल

दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर धाकटीची लाँड्री आहे. दुकानावर रीतसर पाटी आहे, पण ती वाचतो कोण? "कोट धाकटीकडे टाक", "धाकटीकडून शर्ट आण", असंच सगळे म्हणतात. हे नाव तिच्या थोरल्या बहिणीनं पाडलेलं. लाँड्री मुळात आईची. आई गेल्यावर दोघी बहिणींनी ती चालवली. ताई गल्ल्यावर बसून दिवसभर "धाकटे, तो निळा कोट झाला का गं?" अशा हाका मारायची. गिऱ्हाइकांनी ती हाक उचलली. आता धाकटीची पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे बोलतात, तरी ती धाकटीच.

तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एकाच्या शर्टांना जन्मभर फुकट इस्त्री करायची, त्यापेक्षा गावाच्या शर्टांना पैसे घेऊन केलेली काय वाईट?" ताई मात्र लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिचा नवरा, म्हणजे धाकटीचे भाऊजी, एका कचेरीत मोठे साहेब होते. माणूस दिसायला देखणा, जिभेवर साखर. चारचौघांत बायकोसाठी अदबीनं खुर्ची ओढणार, आणि तिनं त्या खुर्चीतून केव्हा उठायचं तेही स्वतःच ठरवणार. ताईचं लाँड्रीत येणं त्यांना खपायचं नाही. दोघी बहिणी एकत्र आल्या की काही कारण नसताना हसत सुटायच्या, आणि भाऊजींना वाटायचं की आपल्यालाच हसतायत. कधीकधी ते खरंही असायचं.

धाकटीला विमानाचं वेड लागलं ते एका तेलाच्या डागामुळे. गावाबाहेरच्या मैदानावर हौशी लोकांचा विमान-क्लब आहे. तिथं शिकवणारे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे कप्तान म्हणतात, एकदा आपलं आवडतं जाकीट घेऊन आले. बाकीच्या लाँड्रीवाल्यांनी हात टेकलेले. धाकटीनं डाग काढला. कप्तान इतके खूश झाले की म्हणाले, "चला, तुम्हाला वरून गाव दाखवतो." धाकटी वर गेली, खाली आली आणि त्या दिवशी कुणाशी धड बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन उभी राहिली.

"शिकायला काय लागतं?"

"नजर, धीर आणि पैसा," कप्तान म्हणाले.

"पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी हळूहळू आणते."

हळूहळू म्हणजे किती, तर वर्षं गेली. दर रविवारी थोडं थोडं शिकत तिनं परवाना मिळवला. क्लबचं दोन माणसांचं छोटं विमान ती भाड्यानं घ्यायची आणि समुद्रातल्या बेटावर जायची. बेट म्हणजे पाण्यावर पालथं घातलेलं ताट. वर गवताची धावपट्टी, उन्हाळ्यापुरती चालणारी एक खाणावळ, चार-दोन खोल्या आणि बारमाही राहणारा एक राखणदार. मोबाइलला तिथं रेंज नाही, फोन एकच, राखणदाराकडे. हौशी वैमानिक तिथं जातात, पोहतात, तळलेले मासे खातात, गवतावर ताणून देतात आणि ऊन कललं की परततात. दुसरं काही करायला तिथं जागाच नाही.

ताई काहीतरी निमित्त काढून रविवारी मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. धाकटी उतरली की कुंपणातून हात घालून तिचा गालगुच्चा घ्यायची. "मला ने गं एकदा. मला ते मासे खायचेत."

"चल की. आत्ता बस."

"यांना विचारते."

भाऊजी म्हणायचे, "त्या उडत्या डब्यात बसून जीव द्यायचाय? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ताईच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते साधं दुखणं नव्हतं.

ताईला इस्पितळात ठेवल्याचं कळताच धाकटी धावली. मऊ सुती गाऊन धुऊन, घडी करून, पिशवीत भरून नेले. खालच्या दालनात लिफ्टजवळच भाऊजी भेटले. डोळे लाल, आवाज खाली.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. डॉक्टर कुणालाच सोडू नका म्हणतात. इन्फेक्शनची भीती आहे. तू ते दे माझ्याकडे. जरा सुधारली की मीच तुला फोन करतो."

धाकटीनं पिशवी दिली आणि परत फिरली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. फोन केला की "झोपलीय". सकाळी केला की "तपासणीला नेलंय". ताईचा स्वतःचा फोन बंद. परदेशात असलेल्या भाचीला, ताईच्या एकुलत्या एका लेकीला, तिनं विचारलं, तर तिलाही बापानं हेच सांगितलेलं: घाबरू नकोस, इतक्यात येऊ नकोस. मग एका सकाळी भाऊजींचा फोन आला, आणि तो सुधारल्याचा नव्हता.

अंत्यविधीला भाऊजी इतके कोलमडले की त्यांना दोघांनी धरावं लागलं. धाकटीनंच त्यांना पाणी पाजलं.

हे सगळं तिनं गिळलंही असतं. पण महिनाभरानं एक बाई कोट धुवायला घेऊन आल्या. तो टाकायचं विसरून त्या गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. फोटोत दोघी बहिणी, मध्ये कुंपणाची जाळी.

"या माझ्या वॉर्डात होत्या," बाई म्हणाल्या. "मी नर्स आहे तिथं. तुम्ही त्यांच्या…?"

"धाकटी बहीण."

"अच्छा. त्या विमानवाल्या तुम्ही."

ते 'अच्छा' असं काही होतं की धाकटीनं हातातली इस्त्री थांबवली. "म्हणजे?"

"नाही, काही नाही. प्रत्येकाचं आपापलं असतं."

"बाई, बोला. मला वरपर्यंत सोडलंच नाही. डॉक्टरांची मनाई होती ना?"

नर्सबाईंनी कोट गल्ल्यावर ठेवला. "कसली मनाई? शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे सगळं खानदान येऊन बसायचं. तुमच्या ताई रोज विचारायच्या, धाकटी आली का. साहेब म्हणायचे, आज हवा छान पडलीय ना, ती गेली बेटावर उडत. तिला कुठला वेळ." त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. "खोटं कशाला सांगू, मला तुमचा फार राग यायचा."

धाकटीला जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिच्या हातून जळालेला तो पहिला कपडा.

त्या दिवशी तिनं दुकान लवकर बंद केलं. भाऊजींच्या घरी जाऊन त्यांची गचांडी धरावी असं तिला वाटलं नाही असं नाही. ती त्यांच्या रस्त्यापर्यंत गेलीसुद्धा. पण तिला तो माणूस पुरता ठाऊक होता. तो रडला असता. शेजारी गोळा झाले असते. कुणीतरी म्हणालं असतं, अहो, दुःखात माणूस काहीही बोलतो, सोडून द्या. त्याच्याशी बोलून जिंकणं म्हणजे ओला साबण मुठीत आवळणं. जितकं आवळाल तितका निसटणार. ती वळली, आणि वळता वळता तिला सुचलं. सुचल्यावर तिला भूक लागली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

तिनं घाई केली नाही. उन्हाळा सरू दिला. बेटावरची खाणावळ बंद झाली, आणि रोजची बोट आठवड्यातून एकदाच जायला लागली. तेव्हा एका संध्याकाळी ती भाऊजींच्या कचेरीत गेली. चार माणसं समोर बसली आहेत हे बघूनच आत शिरली.

"भाऊजी, ताईला बेटावर जायचं होतं. राहूनच गेलं. तिच्याऐवजी तुम्ही चला. तिच्या आठवणीसाठी."

चौघांनी माना हलवल्या. एकाचे डोळेही ओले झाले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. भाऊजींनी छातीवर हात ठेवला. "तिच्यासाठी काहीही."

"बीपीच्या गोळ्या बरोबर घ्या. स्वेटर घ्या, दोन कपडे घ्या. हवा फिरली तर मुक्काम पडतो कधीकधी." यातला शब्दन् शब्द खरा होता. भाऊजींनी कपडे तिच्याचकडे पाठवून दिले, इस्त्री करून बॅगेत भरायला. तिनं इस्त्री केली. कॉलर, बाह्या, घड्या, सगळं अगदी कडक. सूड घ्यायचा म्हणून काम वाईट करायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

रविवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तिनं विमानाला चक्कर मारून एकेक खिळा तपासला, टाकीत काठी घालून इंधन पाहिलं. भाऊजी क्लबच्या लोकांशी हात मिळवत, फोटो काढून घेत होते. आत बसून पट्टा आवळल्यावर मात्र त्यांची साखर विरघळायला लागली. चाकांनी जमीन सोडली आणि त्यांनी दाराचा दांडा जो धरला तो सोडलाच नाही.

"सगळं ठीक आहे ना?" हेडफोनमधून त्यांचा आवाज चिरकल्यासारखा आला.

"छान. आज हवा छान पडलीय," धाकटी म्हणाली.

वाक्य त्यांना ओळखीचं वाटलं की नाही, कुणास ठाऊक.

किनारा मागे गेला आणि खाली नुसतं पाणी राहिलं. एक क्षण असा आला की धाकटीला वाटलं, आत्ता यांच्या बाजूचं दार उघडलं तर? तिनं त्या विचाराकडे नीट बघितलं. बघायला बरं वाटलं. मग तिनं तो बाजूला ठेवला. ती तसली बाई नव्हती. शिवाय विमान क्लबचं होतं. पण बेटावर पोचल्यावर तिनं एक वळण असं काही घेतलं की भाऊजींच्या खिडकीत आकाशाच्या जागी समुद्र आला. "अगं बाई!" ते ओरडले. एवढं कप्तानांना कळलं असतं तर त्यांनी तिथंच कान उपटले असते.

उतरल्यावर भाऊजींनी आधी विमानाचा पंख धरला, पण गवतावर दहा पावलं टाकताच साखर परत आली. "किती शांत आहे! तिला आवडलं असतं."

"हो ना. त्या टोकाला दीपस्तंभ आहे. तिथून समुद्र छान दिसतो. तुम्ही व्हा पुढे, मी विमान बांधून येते."

ते पाठीमागे हात बांधून निघाले. धाकटीनं त्यांची बॅग गवतावर काढून ठेवली. राखणदार गवत कापायचं यंत्र बंद करून जवळ आला. त्याला तिनं आठवड्याभराच्या जेवणाखाण्याचे आणि खोलीचे पैसे दिले. "हे साहेब बोटीनं येणार आहेत. गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. आठवण करा."

"बोट तर आजच सकाळी गेली, बाई."

"माहितेय मला."

इंजिनाचा आवाज ऐकून भाऊजी वळले. पहिल्यांदा त्यांनी हसून हात हलवला. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, तेव्हा ते चालायला लागले. ते सुटलं तेव्हा पळायला लागले. धाकटी त्यांच्या डोक्यावरून गेली तेव्हा ते दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते, आणि वरून ते हात अगदी स्वागताला केल्यासारखे दिसत होते. येताना सबंध वाटभर ती गात होती. तिचा गळा वाईट आहे, पण ऐकायला कोण होतं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच फोन. राखणदार. "बाई, साहेब फार चिडलेत. तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"त्यांना सांगा, ती झोपलीय."

"पण बाई, तुम्ही तर…"

"झोपलीय म्हणून सांगा. उठली की स्वतःच फोन करेल."

त्यानंतरच्या दिवशी पुन्हा फोन आला. तिनं शर्टावर पाणी शिंपडत सांगितलं, "डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय." तिकडे राखणदारानं ते मोठ्यानं तसंच्या तसं सांगितलेलं तिला ऐकू आलं. मग राखणदार हळूच म्हणाला, "बाई, साहेब खाली बसलेत. तब्येत ठीक आहे, पण बोलत नाहीत काही."

"गोळ्या घेतायत ना?"

"घेतायत."

"मग झालं तर."

त्यानंतर तिकडून फोन आला नाही. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर मेव्हणीनं का टाकलं तेही भाऊजींना सांगावं लागलं असतं. आला तो भाचीचा, समुद्रापलीकडून. "मावशी, बाबा फोन उचलत नाहीत. कुठे आहेत ते?"

धाकटीनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. नर्सबाईंचं, खालच्या दालनातलं, बेटाचं. धाकटीला वाटलं, आता ही म्हणणार, झालं ते झालं मावशी, आण त्यांना. म्हणाली असती तर तिनं आणलंही असतं. पोरीचा बाप होता तो.

"मलाही येऊ नको म्हणाले होते," भाची म्हणाली. "तिकीट काढलं होतं मी. रद्द केलं." मग तिनं विचारलं, "बोट कधी आहे?"

"रविवारी."

"मग बोटीनंच येऊ दे."

तो आठवडा धाकटीला गाढ झोप लागली. लोक म्हणतात, सूड घेतला की मन खातं. तिच्या मनानं काही खाल्लं नाही. तीच चांगली दोन वेळा पोटभर जेवली.

कप्तान मात्र दुकानात आले ते शर्ट न घेता. "प्रवाशाला टाकून आलात?"

"हो."

"का ते मी विचारत नाही. असेल काही. पण ज्याला आपण वर नेलं त्याला आपणच खाली घरी आणायचं असतं. तुमच्या वैऱ्याला सुद्धा. वर्षभर क्लबच्या विमानाला हात लावायचा नाही."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. शिक्षा बरोबर होती, आणि ती सोसायची तिची तयारीही होती. फक्त कप्तान गेल्यावर ती बराच वेळ मागच्या खोलीत, धुवायच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून राहिली.

बोटीतून उतरून भाऊजी घरी गेलेच नाहीत, सरळ लाँड्रीत आले. दाढी वाढलेली, कोटावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. साखर नव्हतीच.

"तुला कुणी सांगितलं?"

"नर्सबाईंनी."

त्यांनी गल्ल्याला धरलं. "पहिल्या दिवशी वाटलं, विमान बिघडलं असेल, दुरुस्त करून येशील. आवाज आला की मी बाहेर पळायचो. कधी दुसऱ्या कुणाचं विमान वरूनच निघून जायचं, कधी नुसता वारा. मग तो राखणदार म्हणाला, ती झोपलीय."

"आणि ताई किती दिवस दाराकडे बघत होती?"

"शेवटपर्यंत," भाऊजी म्हणाले. "मी शेजारी बसलेला असायचो. माझा हात तिच्या हातात. आणि ती दाराकडे बघायची. सगळा जन्म हेच. तू आलीस की ती तुझी. मला वाटलं, तू येणार नाहीस असं एकदा तिच्या मनानं घेतलं, की ती माझ्याकडे बघेल."

"बघितलं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

धाकटीला त्यांची दया आली. आलेली तिला कळली, आणि त्या दयेचा तिला रागही आला. ती तशीच उभी राहिली. भाऊजींनी कोट काढला, सवयीनं गल्ल्यावर ठेवला. इतकी वर्षं त्यांचे कपडे इथंच यायचे.

तिनं तो दोन बोटांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "दुसरीकडे टाका."

इथं हे संपायला हवं होतं. पण भाऊजी ते भाऊजीच. हिवाळा सरेपर्यंत त्यांची साखर पुन्हा जमली. एक दिवस त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ कोट न्यायला आले. तेच, ज्यांचे डोळे त्या संध्याकाळी ओले झाले होते.

"तुमच्या भाऊजींची कमाल आहे हं," ते म्हणाले. "बायकोच्या आठवणीत आठवडाभर एकटेच बेटावर राहिले. ना फोन, ना काही. ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. असं प्रेम हल्ली कुठे बघायला मिळतं?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. धाकटीनं आजवर हे भाचीपलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं. ताईचं शेवटचं वाट बघणं गावाच्या तोंडी घालायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आता तिनं वाफेची इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि पदरचा एकही शब्द न घालता सगळं सांगितलं. खालच्या दालनात त्यांनी काय म्हटलं, वर ताईला काय सांगितलं, बेटावर कुणी नेलं, कसं सोडलं. आपण केलेलंही लपवलं नाही. कुणीही पावती मागितली नाही. कचेरीवाले गृहस्थ कोट छातीशी धरून ऐकत राहिले.

गावात बातमी पोचायला विमान लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून भाऊजी जाताना दिसले. एरवी चार लोक थांबवून त्यांची विचारपूस करायचे. त्या दिवशी पानवाल्यानं मान फिरवली, औषधाच्या दुकानातल्या बाई आत गेल्या. भाऊजी चालत राहिले. त्यांची चाल सावकाश होत गेली, मग पटपट झाली.

धाकटी काचेतून बघत होती. ते वळणापाशी दिसेनासे झाले, तेव्हा तिनं इस्त्री पुन्हा चालू केली आणि हाताला आला तो शर्ट ओढला.